यकृताची आणि साखरेची वही एकच ठेवा

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. गेल्या उन्हाळ्यात केळीच्या पट्ट्यातल्या एका खेड्याहून एक मावशी सकाळी अकराच्या सुमारास आमच्याकडे आल्या. त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या, एकीत शुगरच्या डॉक्टरांची फाइल आणि दुसरीत यकृताच्या डॉक्टरांची. नाव लिहून घेईपर्यंत त्यांच्या कपाळावर दरदरून घाम फुटला आणि हात थरथरू लागले. बोटातून थेंब घेतला तर साखर ५८ भरली. ग्लुकोजचे पाणी पाजून त्या सावध झाल्यावर मी दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. शुगरच्या फाइलीत हेपॅटायटिस सी हा शब्द कुठेच नव्हता आणि यकृताच्या फाइलीत त्या रोज घेत असलेल्या ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीची नोंद नव्हती. विषाणूवरच्या गोळ्यांचा पाचवा आठवडा चालू होता. विषाणू हटू लागला तशी त्यांची साखर आपोआप उतरत होती आणि गोळीचा डोस मात्र जुनाच होता. हे त्यांना कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनीही कोणाला सांगितले नव्हते.

हेपॅटायटिस सी आणि मधुमेह हे दोन्ही आजार ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. औषध कोणते आणि किती घ्यायचे हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ते नीट ठरावे यासाठी रुग्णाने आणि घरच्यांनी काय काय करायचे असते, तेवढे मी सांगते.

पहिले काम म्हणजे एक शंभर पानी वही आणायची आणि दोन्ही आजारांच्या नोंदी तिच्यातच ठेवायच्या. पहिल्या पानावर हेपॅटायटिस सी कधी कळला, एचसीव्ही आरएनए (विषाणू आज रक्तात आहे का) या तपासणीचा निकाल काय आला, मधुमेह कधीपासून आहे, यकृत कितपत घट्ट झाले आहे असे डॉक्टरांनी सांगितले आणि सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी, हे लिहावे. प्रत्येक गोळी म्हणजे खरोखर प्रत्येक गोळी. त्यात पित्ताची, झोपेची, गुडघेदुखीची गोळी आली आणि आयुर्वेदिक चूर्ण व काढाही आला. दुसऱ्या पानापासून तारखेसह साखरेचे आकडे लिहीत जावे. कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर ही वही आधी टेबलावर ठेवावी आणि बोलणे मग सुरू करावे.

हे दोन आजार एकत्र का येतात

हेपॅटायटिस सी चा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. त्या कामासाठी हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. ज्यांना त्याची लागण होते, त्यांपैकी साधारण तीस टक्के लोकांचे शरीर सहा महिन्यांच्या आत त्याला स्वतःच हुसकून लावते आणि बाकीच्यांत तो वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हा दीर्घकालीन आजार आहे. दुसरीकडे, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. एवढ्या मोठ्या संख्येमुळे काही जणांत दोन्ही आजार योगायोगानेही सापडतील, परंतु गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही.

आपण जेवलो की रक्तात आलेली साखर साठवणे आणि उपाशी असताना ती थोडी थोडी सोडणे हे यकृताचे काम आहे. हा विषाणू यकृताच्या पेशीत राहून इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या साखळीतच अडथळा आणतो. त्यामुळे इन्सुलिन असूनही यकृत त्याचे ऐकत नाही आणि साखर सोडतच राहते. भारतात या विषाणूचा तिसरा जनुकीय प्रकार अधिक आढळतो आणि त्याची खोड अशी की तो यकृतात चरबीही साठवतो. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर हेपॅटायटिस सी असलेल्यांना टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या दीडपटीहून अधिक दिसतो. वय चाळिशीपुढचे असेल, पोट सुटलेले असेल आणि घरात आईवडिलांना शुगर असेल तर तो आणखी वाढतो.

उलट बाजूनेही हेच घडते. मधुमेह असला की यकृतात व्रण साचण्याचा वेग वाढतो, सिऱ्होसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होऊन जाण्याचा पुढचा टप्पा, लवकर येतो आणि यकृताच्या कर्करोगाची शक्यता जवळजवळ दुप्पट होते. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. मधुमेह मूत्रपिंड पोखरतो, आणि हा विषाणूही काही जणांत मूत्रपिंडाच्या गाळण्यांना सूज आणतो. म्हणून शुगरच्या डॉक्टरांनी यकृत आणि यकृताच्या डॉक्टरांनी शुगर विचारात घेतल्याशिवाय या रुग्णाचा हिशेब जुळत नाही.

तपासण्या आणि त्यांचे अर्थ

गावाकडे हेपॅटायटिस बी असो की सी, दोन्हींना सरसकट ‘पांढरी कावीळ’ म्हटले जाते आणि तिथेच घोटाळा सुरू होतो, कारण या दोन आजारांचे विषाणू वेगळे आहेत आणि उपचारही वेगळे आहेत. ‘अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह’ एवढाच रिपोर्ट हातात असेल तर विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला आहे, इतकेच त्यावरून कळते. तो आजही आहे का, हे सांगणारी तपासणी म्हणजे एचसीव्ही आरएनए, आणि ती केल्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत. त्याच वेळी हेपॅटायटिस बी ची तपासणीही झालीच पाहिजे. सी वरच्या गोळ्या सुरू केल्यावर दबून बसलेला बी उसळी मारू शकतो.

यकृत किती घट्ट झाले आहे याचा अंदाज साध्या रक्ततपासणीवरूनही काढता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. रुग्णाचे वय गुणिले एएसटी, म्हणजेच रिपोर्टातले एसजीओटी, ही वरची संख्या झाली. खाली प्लेटलेट हजारात घ्यायच्या आणि एएलटीच्या, म्हणजे एसजीपीटीच्या, वर्गमुळाने गुणायच्या. उदाहरण घेऊ. वय ५२, एसजीओटी ६४, एसजीपीटी ८१ आणि प्लेटलेट १ लाख ६० हजार. वर ५२ गुणिले ६४ म्हणजे ३३२८ आले. ८१ चे वर्गमूळ ९, म्हणून खाली १६० गुणिले ९ म्हणजे १४४० आले. भागाकार २.३१. उत्तर १.४५ च्या खाली असेल तर यकृतात व्रण फार नसावेत, ३.२५ च्या वर असेल तर ते पुढच्या टप्प्याला गेल्याची दाट शंका घ्यावी आणि मधल्या पट्ट्यात असेल तर यकृताचा घट्टपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी डॉक्टर सुचवू शकतात. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. फार तरुण आणि फार वयस्क माणसांत तो फसवा ठरू शकतो, म्हणून त्यावरून घरीच निष्कर्ष काढून घाबरू नये.

आता साखरेच्या तपासण्यांकडे येऊ. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक आले तर मधुमेह समजतात. लक्षणे नसतील तर ते पुन्हा तपासून पक्के करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. हेपॅटायटिस सी निघालेल्या प्रत्येकाने एकदा तरी साखर तपासून घ्यावी. हा नियम पाळणारे फार थोडे आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या रुग्णांत एचबीए१सी वर डोळे झाकून विसंबता येत नाही, हे मी आमच्या खिडकीशी येणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. एचबीए१सी म्हणजे लाल पेशींना गेल्या दोन-तीन महिन्यांत चिकटलेली साखर. सिऱ्होसिसमध्ये पाणथरी (प्लीहा) वाढते आणि लाल पेशी लवकर मोडतात, मग त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. विषाणूवरच्या उपचारात कधीकधी जोडले जाणारे रिबाव्हिरिन हे औषध चालू असेल तर तेही लाल पेशी मोडते. उलट लोह कमी असलेल्या ॲनिमियात आकडा थोडा फुगतो, आणि आपल्याकडच्या बायाबापड्यांत हा ॲनिमिया किती आहे हे कोणाला वेगळे सांगायला नको. नंदुरबार-धुळ्याच्या सातपुडा भागात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात, सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो. सिकलसेलचा आजार असेल तर एचबीए१सी अविश्वासार्ह असते आणि केवळ वाहक असेल तर ती प्रयोगशाळेच्या पद्धतीवर अवलंबून असते. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना पूर्वी वारंवार रक्त चढवले गेले आहे, त्यांची हेपॅटायटिस सी ची तपासणी झाली आहे ना, हेही पाहावे.

मग भरवसा कशावर ठेवायचा? ग्लुकोमीटरवरच्या नोंदींवर. त्यातही केवळ सकाळची उपाशीपोटीची साखर बघून निर्धास्त होऊ नये. सिऱ्होसिस असलेल्यांत ती बऱ्याचदा अगदी नीट येते आणि जेवणानंतर दोन तासांनी मात्र अडीचशेच्या घरात जाते. म्हणून वहीत रोज दोन रकाने ठेवावेत, एक उपाशीपोटीचा आणि दुसरा जेवणानंतर दोन तासांचा. दुसरा रकाना आलटून पालटून एक दिवस दुपारच्या आणि एक दिवस रात्रीच्या जेवणानंतरचा भरावा.

विषाणूवरचा उपचार आणि त्या बारा आठवड्यांतली साखर

पूर्वी यावर वर्षभर इंजेक्शने घ्यावी लागत, त्यांचा त्रास मोठा होता आणि गुण निम्म्या-पाऊण लोकांनाच येई. आता सोफोसबुव्हिर आणि त्याच्या जोडीला डॅक्लाटास्विर किंवा वेल्पाटास्विर अशा गोळ्या साधारण बारा आठवडे घेतल्या की ९५ टक्क्यांहून अधिक लोकांचा विषाणू कायमचा जातो. यकृत बिघडलेले असेल तर रिबाव्हिरिन जोडावे लागते किंवा मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढते. राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आणि त्यातून तपासणी व औषधे मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा जळगाव, धुळे, नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन चौकशी करावी आणि पैशांअभावी उपचार लांबणीवर टाकू नयेत. मधुमेह असणे हे उपचार पुढे ढकलण्याचे कारण ठरत नाही, उलट ते लवकर सुरू करण्याचे कारण ठरते.

गोळ्या सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात शुगरच्या डॉक्टरांना भेटून, अमुक तारखेपासून या गोळ्या सुरू होत आहेत, असे स्पष्ट सांगावे आणि साखर किती खाली गेली की फोन करायचा हे विचारून वहीत लिहून घ्यावे. पहिले दोन-तीन महिने साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजावी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांपैकी एखादी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रोज मोजणे उत्तम, कारण साखर एकदम खाली जाण्याचा धोका यांच्यातच असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला तो फारसा नसतो. साखर ७० च्या खाली आली, किंवा मोजायची सोय नसताना घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच प्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि गरज पडल्यास पुन्हा प्यावे, मग काहीतरी खावे. केळीच्या बागेत काम करणारी माणसे अशा वेळी केळे खातात. त्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, म्हणून आधी साखरेचे पाणी आणि नंतर केळे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये आणि तडक दवाखाना गाठावा.

काही औषधांची या गोळ्यांशी गाठ पडू द्यायची नसते. क्षयरोगावरची रिफाम्पिसिन आणि फिटसाठीच्या फेनिटॉइन व कार्बामाझेपिन या गोळ्या सोफोसबुव्हिरचा परिणाम मोडून काढतात. हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमिओडॅरोन असेल तर नाडी धोकादायकपणे मंदावू शकते. पित्ताच्या गोळ्यांमुळे वेल्पाटास्विर नीट शोषले जात नाही, आणि आपल्याकडे तर सकाळी उठून पॅन्टोप्राझोल घेणे म्हणजे चहाइतकेच सवयीचे झाले आहे. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा डोसही बदलावा लागतो. यांपैकी काहीही स्वतःहून बंद करू नये. वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेले असले की डॉक्टर मार्ग काढतात.

मेटफॉर्मिनबद्दल लोकांच्या मनात नाहक भीती असते. यकृत अजून आपले काम नीट करत असेल तर ते चालते आणि बहुतेक वेळा तेच पहिले औषध असते. पोटात पाणी झाले असेल, कावीळ उतरत नसेल, मूत्रपिंड थकले असेल किंवा दारू चालू असेल तर मात्र ते थांबवून सहसा इन्सुलिनवर यावे लागते. इन्सुलिन म्हणजे शेवट, असे समजणाऱ्या घरांत मी रडारड पाहिली आहे. थकलेल्या यकृतावर सर्वांत कमी बोजा टाकणारे औषध तेच आहे, हे घरच्यांनी समजून घ्यावे.

आपल्या भागात इन्सुलिन सांभाळणे ही वेगळीच कसरत आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो आणि वीज जाते-येते. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. घरात फ्रीज नसेल तर बाटली कोरड्या बंद डबीत घालून ती डबी सावलीतल्या माठात, पाण्याचा स्पर्श होणार नाही अशी ठेवावी. वापरातली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यासुद्धा मोटारसायकलच्या डिकीत उन्हात तापू देऊ नयेत, नाहीतर आकडे चुकतात.

जेवण

कावीळ म्हटले की आपल्याकडे उसाचा रस, ग्लुकोजचे पाणी आणि बिनतेलाचे, बिनडाळीचे मऊ जेवण सुरू होते. डोक्यावरून कावीळ उतरवून घेणेही होते. हेपॅटायटिस सी सोबत मधुमेह असलेल्या माणसाला दिवसाला तीन पेले उसाचा रस पाजला तर त्याची साखर कुठे जाईल, हे सांगायला नको. पण डाळ बंद करणे त्याहून घातक आहे. सिऱ्होसिसमध्ये शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागते. अशा माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळ, मटकी, हरभरा, दही, पनीर, अंडी, चालत असेल तर मासे यांतून ती भरून काढावीत.

या बाबतीत आपली कळण्याची भाकरी मोठी कामाची आहे. ज्वारीत उडीद मिसळून दळलेली असल्यामुळे तिच्यात प्रथिने येतात, आणि साखरही पोळी-भातापेक्षा सावकाश चढते. भाकरीबरोबर वांग्याचे भरीत घ्यावे, त्यावर तेलाचा तवंग मात्र नको. शेवभाजी आणि दालबट्टी रोजच्या ताटातून काढून सणासुदीला थोडी ठेवावी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापराची पुरणपोळी (मांडा) आणि आमरस असतोच. त्या दिवशी एक लहान मांडा, वाटीभर आमटी आणि अर्धी वाटी रस, तोही साखर न घालता, एवढ्यावर थांबावे आणि दोन तासांनी साखर मोजावी. म्हणजे पुढच्या वर्षी काय करायचे ते वहीतच सापडेल. केळ्याला मज्जाव नाही. शंभर ग्रॅम केळ्यात साधारण २२-२३ ग्रॅम पिष्ट असते, म्हणून एका वेळी अर्धे केळे आणि तेही जेवणाला लागून नको.

पोटात पाणी किंवा पायाला सूज असेल तर मीठ आवरावे लागते. इथे भाजीतल्या चिमटीपेक्षा लोणचे, पापड, बिबड्या, शेव आणि ठेचा यांतले मीठच जास्त जाते. ताटाच्या डाव्या बाजूला हात आखडता घेतला की अर्धे काम होते.

उपवासाचे काय, असे बायका हमखास विचारतात. यकृत घट्ट झालेल्या माणसाकडे रात्र निभावण्याइतका साखरेचा साठा नसतो. रात्रीचे जेवण आठला आणि सकाळचा चहा सातला, एवढे अंतरसुद्धा त्याला जड जाते. म्हणून झोपण्यापूर्वी काहीतरी खावे, कपभर दूध आणि मूठभर फुटाणे चालतात. निर्जळी एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे यांबाबत सिऱ्होसिस असलेल्याने आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असलेल्याने तर बोलल्याशिवाय उपवास धरूच नये. घरी श्रावणात कानबाई बसते तेव्हा पूजा करणाऱ्या बाईला दिवसभर उपाशी ठेवण्यापेक्षा ते काम त्या वर्षी घरातल्या दुसऱ्या कोणी केले तर देवीचा मान कुठेही कमी होत नाही, असे मला वाटते. चैत्रात सप्तशृंगी गडाला पायी जाणाऱ्या मधुमेही भाविकांनी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी, अनवाणी चालू नये आणि रोज मुक्कामाला तळपाय बघावेत.

दारू पूर्ण बंद, मोहाची असो वा बाटलीतली. थोडी चालते, असे या आजारात म्हणता येत नाही. दारू यकृत तर बिघडवतेच आणि रात्री साखर अचानक खाली आणते. झाडपाल्याच्या औषधांचेही तसेच आहे. शुगरसाठी गुळवेलीचा काढा रोज घेणारे पुष्कळ आहेत आणि त्या काढ्यामुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झालेली आहे. कंबर दुखली की डायक्लोफेनॅक घेणेही सिऱ्होसिसमध्ये मूत्रपिंडाला महागात पडते. तापासाठी पॅरासिटामॉल घेतले तरी सिऱ्होसिस असलेल्याने दिवसाला दोन ग्रॅमच्या वर जाऊ नये.

घरातली सुई

एकदा एका घरातले चौघे आमच्याकडे आले होते. चौघांची शुगर घरी एकाच ग्लुकोमीटरवर आणि एकाच टोचणीने मोजली जात होती, वर सुई स्पिरिटने पुसत होते म्हणून सर्व निर्धास्त. त्यांतल्या एकाला हेपॅटायटिस सी होता. हा विषाणू डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या थेंबातही असतो आणि तो पुसण्याने जात नाही. टोचणीची सुई एकदाच वापरावी. ज्या पेनसारख्या यंत्रात ती बसते तेही प्रत्येकाचे वेगळे असावे. इन्सुलिनचे पेन सुई बदलली तरी दुसऱ्याला देऊ नये. वापरलेल्या सुया झाकण असलेल्या जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकाव्यात आणि बरणी भरली की दवाखान्यात द्यावी. दाढीचे पाते, नेलकटर, दात घासायचा ब्रश ज्याचा त्याला. यात्रेत गोंदवून घ्यायचे असेल तर सुई आणि शाई दोन्ही नवी असल्याशिवाय हात पुढे करू नये.

एका ताटात जेवण्याने, मिठी मारण्याने, खोकल्याने किंवा कपडे एकत्र धुण्याने हा आजार पसरत नाही. मुलाबाळांना आजीपासून लांब ठेवण्याचे काहीच कारण नाही आणि तसे कोणी ठेवत असेल तर तो आजीवर अन्याय आहे.

बरळणे, ग्लानी आणि इतर खुणा

सिऱ्होसिस आणि मधुमेह दोन्ही असलेला माणूस बरळू लागला, दिवसा झोपू लागला, सही वाकडी करू लागला, तर त्याची दोन कारणे असू शकतात. एक तर साखर उतरली असेल, किंवा यकृत गाळू न शकलेली विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचली असतील. वरून दोन्ही सारखेच दिसते. म्हणून आधी साखर मोजावी आणि कमी असेल तर साखरेचे पाणी द्यावे. साखर नीट असूनही गोंधळ तसाच असेल तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. ही ग्लानी टाळण्यासाठी दिलेले लॅक्ट्युलोजचे औषध चवीला गोड असते, म्हणून मधुमेही ते बंद करतात. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने ते घ्यावे आणि दिवसाला दोन-तीन वेळा शौचाला होते आहे ना हे पाहावे.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट झपाट्याने फुगणे, पोटात पाणी असताना ताप येणे किंवा पोट दुखणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

गोळ्या संपल्यानंतर

शेवटची गोळी घेतल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासणी करायची असते. त्यात विषाणू सापडला नाही तर तो गेला असे समजतात. अनेकजण गोळ्या संपल्या की बरे वाटते म्हणून ही तपासणी चुकवतात आणि कार्यक्रमाच्या यादीत त्यांचे नाव अर्धवट राहते. विषाणू गेल्यावर बऱ्याच जणांची साखर सुधारते, काहींचे औषध कमी होते, परंतु मधुमेह सगळ्यांचाच जात नाही. ज्यांचे वजन पुन्हा वाढते त्यांची साखरही परत वाढते. म्हणून मोजणे चालूच ठेवावे. कोलेस्टेरॉल एकदा नव्याने तपासावे, कारण विषाणू असताना ते कमी राहते आणि तो गेल्यावर वाढते. हृदयासाठी गोळी लागते का हे तेव्हाच ठरते. लघवीतले अल्ब्युमिन (मूत्रपिंड बिघडत असल्याची खूण) आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासावा. हेपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर घ्यावी. सी ची लस अजून निघालेली नाही आणि एकदा बरा झालेला माणूस दूषित सुईने पुन्हा बाधित होऊ शकतो.

यकृत घट्ट झाले असेल तर विषाणू गेल्यावरही कर्करोगाची टांगती तलवार राहते, मधुमेह असेल तर अधिकच. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, डॉक्टरांनी सांगितल्यास यकृताच्या कर्करोगाची खूण पाहणारी एएफपी ही रक्ततपासणीही. आखाजी आणि दिवाळीच्या आसपास ती करून घ्यावी, म्हणजे तारीख विसरत नाही.

आणखी एक. अँटी-एचसीव्ही तपासणी बरे झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, बहुधा जन्मभर. पुढे मोतीबिंदूचे किंवा हर्नियाचे ऑपरेशन ठरले की तीच तपासणी करतात, आणि पॉझिटिव्ह पाहून कुठे जादा पैसे मागतात, कुठे तारीख पुढे ढकलतात. म्हणून विषाणू नसल्याचा आरएनएचा रिपोर्ट लॅमिनेट करून वहीच्या पहिल्या पानाला जोडून ठेवावा, त्याची एक झेरॉक्स मुलाकडे आणि एक मुलीकडे द्यावी.